पाचवा गिअर उखाजींनी बसवला

बसा. माझ्यासाठी कोणी उठू नका, आणि ती खुर्चीही नको. गुडघे कुरकुरतात, पण मला आज जे सांगायचं आहे ते बसून सांगण्यासारखं नाही.

उखाजींच्या पत्नी मंजुळाबाई, मुलगा प्रकाश, सलीमभाई, या लाइनमधले सगळे मिस्त्री, समोरचे स्पेअर पार्टवाले, आणि अध्यक्षसाहेबांसकट आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळी. उखाजी गेले म्हणून आज द्वारका सर्कलमागची ही गॅरेजांची सगळी लाइन बंद आहे. येताना पाहिलं, एकही शटर वर नव्हतं. बारा वर्षं मी इथे येते आहे. इथे कायम कोणीतरी काहीतरी ठोकत असतं. आज नाही. अशा शांततेत बोलणं अवघड जातं. माझ्या आधी बोललेल्यांपैकी तिघं बोलता बोलता थांबले आणि खाली बसले. मलाही तसं बसता आलं असतं. मी फार थकले आहे. वयानं थकले आहेच, पण एका गोष्टीनं जास्त थकले आहे. ती गोष्ट दहा वर्षं माझ्यापाशी पडून आहे.

ती काय, हे आधीच सांगून टाकते. उखाजींच्या कामावर एक डाग आहे. उखा मिस्त्रीचा हात चांगला, पण त्याच्या हातचा गिअरबॉक्स तेल गाळतो, असं आमच्या क्लबात म्हणतात. दहा वर्षं म्हणतात. तो डाग खोटा आहे. तो मी लावला. आज तो पुसायला उभी आहे.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं नोकरी केली. ट्रंक कॉल जोडायचे. नामपूरचा कांदा व्यापारी आणि त्याचा मुंबईचा दलाल, येवल्याची सासुरवाशीण आणि तिची आई, सगळ्यांची बोलणी जोडून दिली. शाळा कॉन्व्हेंटची. तिथल्या सिस्टरांनी ताठ उभं राहायला आणि स्वच्छ बोलायला शिकवलं. जीभ तिखट आहे, ती मात्र माझी स्वतःची. त्याबद्दल सिस्टरांना कोणी दोष देऊ नये.

पंच्याण्णव साली मी निवृत्त झाले. घरात वडिलांची गाडी होती. काळी, गोल टपाची, विलायती. वडील डॉक्टर होते, त्यांनी ती एका साहेबाकडून घेतली होती. मी तिला व्हिंटेज म्हणते. अध्यक्षसाहेब, आता हात वर करू नका. मला ठाऊक आहे की तुमच्या नियमात वयानं ती व्हिंटेज बसत नाही, क्लासिक बसते. बसू दे कुठेही.

माझी मोठी बहीण, आमची अक्का, ठाण्याला राहायची. त्याच सुमारास तिचं दुखणं निघालं. हाडांत उतरलेलं दुखणं. कुठलं ते मी नाव घेऊन सांगत नाही, तुम्ही समजलात. उपचार तिकडे होते आणि तिला राहायचं होतं इकडे, नाशकात, वडिलांच्या घरात. दर तीन आठवड्यांनी न्यायचं, चार दिवसांनी आणायचं. एसटीत तिला बसवत नव्हतं. रेल्वेच्या डब्यात चढवत नव्हतं. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणायची, मी अजून मेले नाही. राहता राहिली वडिलांची गाडी. तिचं मागचं सीट खाटेएवढं रुंद. अक्का त्यावर आडवी होऊ शकत होती.

पण ती गाडी जुन्या रस्त्यांसाठी केलेली. चार गिअर. पन्नासच्या पुढे गेली की इंजिन ओरडायला लागायचं. सगळी गाडी थरथरायची, आणि ती थरथर सीटमधून अक्काच्या हाडांत जायची. ती काही बोलायची नाही. टॉवेलाचं टोक दातात धरायची. मला आरशात दिसायचं. मग मी चाळीसवर यायचे. मागून ट्रक हॉर्न वाजवायचे, ड्रायव्हर खिडकीतून आईबहिणीचा उद्धार करायचे. ठाण्याला पोचायला सहा-सहा तास लागायचे. तुम्हीच सांगा, तशा माणसाला सहा तास गाडीत ठेवायचं का थरथरत तीन तासांत न्यायचं? मी काहीही केलं तरी ते वाईटच होतं.

मी तीन गॅरेजं पालथी घातली. नावं घेत नाही, त्यातले एक-दोन इथे मान खाली घालून बसले आहेत. सगळ्यांनी सांगितलं, मॅडम, हा डबा विका आणि नवी छोटी गाडी घ्या. नव्या छोट्या गाडीत अक्काचे पाय कुठे ठेवू, हे कोणी सांगितलं नाही. मग सलीमभाईंनी, आपले लेथवाले सलीमभाई, त्यांनी मला उखाजींकडे पाठवलं.

उखाजींनी बॉनेट उघडलं नाही. हात पुसले आणि पहिला प्रश्न विचारला. "मागं कोण बसतं?"

चार गॅरेजांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस.

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मागचं दार उघडलं, चपला बाहेर काढल्या आणि सीटवर आडवे झाले. पाय दुमडले, डोळे मिटले. म्हणाले, चालवा. मला वाटलं, मिस्त्रीला दुपारची झोप आली. मी आग्रा रोडनं ओझरपर्यंत नेली आणि परत आणली. हा माणूस तसाच पडून. उठले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

उखाजी बागलाणचे. शहरात पंचवीस वर्षं काढून मराठी आमच्यासारखं झालं होतं, पण मनातलं बोलायचे तेव्हा नामपूरकडची बोली बाहेर यायची. म्हणाले, "ताई, इंजिन वाईट नही. ते दमेल शे. तुम्ही त्याले लय पळवी ऱ्हायनात."

मी म्हटलं, गाडी पळवायची तर इंजिन पळणारच. तेव्हा त्यांनी मला सायकलवरून समजावलं. पायाशी मोठी चाकी, मागे लहान चाकी. पाय एकदा फिरतो, चाक तीनदा. तुमच्या चौथ्या गिअरात इंजिनाचा एक फेरा, मागे जाणाऱ्या दांड्याचा एक फेरा. आपल्याला वर अजून एक गिअर पाहिजे, ज्यात इंजिनाचा एक फेरा आणि दांड्याचा सव्वा. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. गाडी तेवढीच धावेल, इंजिन मात्र चालत येईल. मी कॉन्व्हेंटात फिजिक्स शिकलेली बाई. इतकं सरळ मला कोणी शिकवलं नव्हतं.

मग ते काम सुरू झालं. या लाइनीतल्या जुन्या लोकांनी ते पाहिलं आहे. मालेगावच्या भंगारातून एका जपानी गाडीचा पाच गिअरचा बॉक्स आणला. तो लांबीला जास्त, तोंडाला वेगळा, माझ्या इंजिनाशी त्याचं काडीचं जुळत नव्हतं. मधे बसवायला जाड लोखंडी प्लेट करावी लागली. जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यावर आधी तिचे साचे कापले. एक नाही, सात. क्लचची प्लेट एका गाडीची आणि तिचा मधला भाग दुसऱ्या गाडीचा, असा जोडून घेतला. दांडा आखूड करायचा होता, तो सलीमभाईंच्या लेथवर. सलीमभाई, तुम्ही दोघं त्या दांड्यावरून आठ दिवस भांडलात. तुमचं म्हणणं, एवढं चालतं. त्यांचं म्हणणं, तुले चालतं, मागं आडवं पडेल माणसाले चालत नही.

बॉक्स खालून धरायला आधार पाहिजे होता. मी घाईला आले होते. म्हटलं, चासीला एक भोक पाडा आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, "भोक पाडायला एक मिनिट लागतं, ताई. बुजवायला जन्म पुरत नाही." आणि मूळच्याच भोकांना धरून आधार तयार केला. वडिलांच्या गाडीला त्यांनी एक नवं भोक पाडलं नाही. काढलेला जुना बॉक्स रॉकेलनं धुतला, ग्रीस लावून गोणपाटात बांधला आणि माझ्या घरी आणून ठेवला. हा विकायचा नाही, म्हणाले. उद्या कोणाला गाडी होती तशी पाहिजे असली तर दोन दिवसांत होती तशी झाली पाहिजे. क्लबच्या मंडळींनो, मूळ वस्तू जपणं म्हणतात ते हेच ना? मग आपण प्रदर्शनात गाड्यांना नुसत्या रिबिनी कशाला बांधतो?

बॉक्स बसला. ते मागे आडवे झाले, मी ओझरला जाऊन आले. म्हणाले, अजून गुणगुणतंय. मला काहीच ऐकू येत नव्हतं. बॉक्स उतरवला, प्लेट पुन्हा घासली. परत ओझर. परत उतरवला. तीन वेळा. सगळी लाइन हसायची. सलीमभाई रोज विचारायचे, उखा, घरी खाट नाही का? उखाजी म्हणायचे, आहे, पण ती ओझरला जात नाही.

तिसऱ्यांदा उतरवून बसवला, तेव्हा ओझर आलं तरी बोलेनात. आरशात पाहिलं तर खरंच झोपले होते. मी गाडी थांबवली नाही, पुढे पिंपळगावपर्यंत नेली. झोपू दिलं.

एक चूक त्यांची झाली, तीही सांगते. मेलेल्या माणसाला देव करायला मी आलेले नाही. बॉक्स बदलला की स्पीडचा काटा खोटं बोलायला लागतो. काटा चाळीस दाखवायचा तेव्हा गाडी पंचावन्नला असायची. त्याची वेगळी दातेरी चाकी करून लावतो म्हणाले, आणि अखेरपर्यंत लावली नाही. पुढच्या खणाच्या झाकणावर आतून खडूनं हिशेब लिहून दिला, एवढ्याला एवढे. इगतपुरीच्या अलीकडे पोलिसांनी मला धरलं, तेव्हा मी काटा दाखवून त्यांना फाडफाड इंग्रजीत सुनावलं. नंतर झाकण उघडलं आणि गप्प बसून दंड भरला. उखाजींना येऊन सांगितलं तर म्हणाले, तुम्ही भांडता तेव्हा आधी खण उघडत जा.

आता पहिला प्रवास. कसारा घाट उतरताना पाचवा टाकायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. उतारावर इंजिननं गाडी धरली पाहिजे, पाचव्यात ते धरत नाही. मी चौथ्यात, तिसऱ्यात घाट उतरले. कसारा मागे टाकलं, रस्ता सपाट झाला, तेव्हा पाचवा टाकला.

मागून अक्काचा आवाज आला. "गाडी बंद पडली का गं?"

मी म्हटलं, नाही अक्का, चालू आहे. ती जरा वेळ ऐकत राहिली. मग भिवंडीपर्यंत झोपली. दिवसाउजेडी, चालत्या गाडीत, टॉवेल हातात तसाच. असे चौदा महिने आम्ही आलो-गेलो. शेवटच्या वेळी परत आणली आणि ती तिच्या खोलीत गेली, वडिलांच्या घरात, तिला पाहिजे होतं तिथे. मला माझ्या बहिणीचे ते चौदा महिने कोणी दिले, हे मला ठाऊक आहे. सलीमभाईंना, मंजुळाबाईंना ठाऊक आहे. इथे दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही, कारण मी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही?

अक्काला जाऊन चार महिने झाले होते. क्लबनं गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. माझी गाडी मागवली. ज्या गाडीत सगळं मूळचं असेल तिला मोठा कप होता, आणि लाउडस्पीकरवरून पहिल्या मालकाचं नाव वाचणार होते. वडिलांचं नाव. मला त्या नावाचा मोह झाला. घर रिकामं होतं, अक्का नव्हती, मला ते नाव एकदा मोठ्यानं ऐकायचं होतं. हे कारण आहे, सबब नाही. सबब म्हणून कोणी धरू नका.

मी उखाजींना सोबत बोलावलं. ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले, हातात पिवळं फडकं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. गिअरच्या दांडीवर त्यांनी माझ्या सांगण्यावरून वडिलांच्या वेळची मूठ तशीच ठेवली होती, तिच्यावर चारच आकडे. वरून पाहणाऱ्याला काही कळायचं कारण नव्हतं.

परीक्षक आले, मुंबईचे. पांढरी पँट, हातात कागद. मला इंग्रजीत विचारलं, सगळं मूळचं आहे का? इंजिन, गिअरबॉक्स? मी ताठ उभी राहिले आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "एव्हरीथिंग इज ओरिजिनल, सर."

उखाजी हातभर अंतरावर होते. मी इंग्रजीत बोलले, म्हणून त्यांना कळणार नाही, असं मी धरून चालले होते. दुसरा कुठलाही शब्द एक वेळ कळला नसता, पण हा? या लाइनीत माणूस दिवसातून पन्नास वेळा ओरिजिनल म्हणतो. ओरिजिनल पार्ट, डुप्लिकेट पार्ट. सगळी पोटं याच एका शब्दावर चालतात. कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईला एवढी अक्कल नव्हती.

परीक्षकांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, गाडी पुसायला आणलंय.

मंजुळाबाई, मी हे बोलले. तुमच्यासमोर पुन्हा बोलले. ऐकून ठेवा.

मग परीक्षकांनी रुमाल काढला आणि गाडीखाली पाहण्यासाठी वाकायला लागले. खाली पाहिलं असतं तर संपलं होतं. तो बॉक्स आंधळ्यालाही ओळखू आला असता. तिखट जीभ कुठे गेली कोण जाणे.

उखाजी पुढे झाले. मराठीत म्हणाले, "साहेब, खाली वाकू नका. गिअरबॉक्समधून तेल गळतंय, कपडे खराब होतील. काम माझंच आहे."

ज्याच्या हातच्या गाडीखाली पांढरी चादर अंथरावी, तो माणूस हे बोलला. परीक्षक थांबले. तोंड वाकडं केलं, कागदावर लिहिलं, तेलगळती. आणि पुढच्या गाडीकडे गेले. संध्याकाळी वडिलांचं नाव लाउडस्पीकरवर आलं. कप मिळाला. तो माझ्या दिवाणखान्यात दहा वर्षं आहे.

परत येताना ते माझ्याशेजारी बसले होते. मी म्हटलं, उखाजी, तुम्ही असं का सांगितलंत? ते रस्त्याकडे पाहत होते. म्हणाले, "गाडी तुमनी शे, ताई. बाकी, काम कसं शे ते माले ठाऊक शे." मी म्हटलं, मी लोकांना खरं काय ते सांगेन. ते म्हणाले, सांगा तुमच्या सवडीनं.

माझी सवड. मी निवृत्त बाई. मला सवडीशिवाय दुसरं काय होतं?

पहिल्या वर्षी वाटलं, कप परत मागतील. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता कशाला. पुढे वाटायला लागलं, लोक विसरले. लोक कप विसरले, अध्यक्षसाहेब. तेलगळती विसरले नाहीत.

मी गाडी घेऊन त्यांच्याकडे येत राहिले. ते कधी त्यावर बोलले नाहीत. चहा मागवायचे, काच पुसायचे, अक्काची आठवण काढायचे. ते बोलत नाहीत म्हणजे त्यांनी मला माफ केलं, असा मी माझ्या सोयीचा अर्थ काढला. न बोलणाऱ्या माणसाचा हा एक तोटा असतो. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ जो तो आपल्या सोयीनं लावतो.

परवा मी मंजुळाबाईंकडे गेले. कप पिशवीत घालून नेला होता. म्हटलं, हा यांचा आहे, घरात ठेवा. मंजुळाबाईंनी पिशवीला हातसुद्धा लावला नाही. खरं काय ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती.

त्या प्रदर्शनात, सकाळी, परीक्षक यायच्या आधी, क्लबमधल्या एका सद्गृहस्थांनी उखाजींना कबूल केलं होतं की सोमवारी माझी उघड्या टपाची गाडी तुमच्याकडे पाठवतो, सगळं काम तुम्हीच करा. तशी गाडी त्यांच्या हातात कधी आली नव्हती. रविवारी त्यांनी गॅरेजमधला खड्डा, ज्यात उतरून गाडीखाली काम करतात, तो घासून धुतला. चुना मारला. नवा बल्ब लावला. कांद्याच्या दोन टेम्पोवाल्यांना, बुधवारी या, म्हणून परत पाठवलं. सोमवारी गाडी आली नाही. मंगळवारी आली नाही. आठ दिवस त्यांनी त्या खड्ड्यात दुसरी गाडी घेतली नाही. मंजुळाबाईंनी विचारलं तर म्हणाले, येईल, मोठी माणसं असतात, सवडीनं येतात.

अध्यक्षसाहेब, ती गाडी तुमची होती.

मान खाली घालू नका. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही कागदावरचा शेरा वाचलात आणि गाडी मुंबईला पाठवलीत. मीही तेच केलं असतं. तुमची चूक एवढीच की त्या शेऱ्यामागे एका बाईचं खोटं आहे हे तुम्हाला कळलं नाही. ती बाई मी.

पण मघाशी तुम्ही इथे उभं राहून जे बोललात, ते मात्र मला लागलं. तुम्ही म्हणालात, उखाजी साधाभोळा माणूस, कामात थोडं डावं-उजवं व्हायचं, तेलबिल गळायचं, पण मनाचा राजा. लोक थोडे हसलेही, प्रेमानं हसले. मंजुळाबाई हसल्या नाहीत, हे मी पाहिलं.

ते साधेभोळे नव्हते. साधाभोळा माणूस केसाएवढ्या फरकासाठी तीन वेळा गिअरबॉक्स उतरवत नाही. आपल्यासारख्या लोकांना मिस्त्री मेला की तो एकदम साधाभोळा होतो. डॉक्टर मेला तर आपण म्हणतो, निष्णात होता. वकील मेला तर म्हणतो, बुद्धिमान होता. मिस्त्री मेला की मनाचा राजा. का हो? त्याच्या डोक्याबद्दल, हाताबद्दल बोलायला आपली जीभ का वळत नाही? उखाजी निष्णात होते. हा शब्द मी त्यांच्यासाठी वापरते आहे, आणि तो विचार करून वापरते आहे.

परवा पिशवी परत माझ्याकडे सरकवताना मंजुळाबाई जे बोलल्या, तेवढं सांगते आणि थांबते. म्हणाल्या, "कप नको माले. तुम्ही लोकांले सांगा. त्यासना कामले लोके नावं ठेवतस, ते माले आते ऐकवत नही."

मी म्हटलं, सांगते. यावेळी सवडीनं म्हटलं नाही.

तर सांगते आहे. माझ्या वडिलांच्या गाडीत पाच गिअरचा बॉक्स आहे. तो उखाजी मोतीराम अहिरे यांनी बसवला. चासीला धक्का न लावता बसवला, आणि त्यातून आजवर तेलाचा एक थेंब पडलेला नाही. मी परीक्षकांशी खोटं बोलले. माझी लाज झाकायला त्यांनी स्वतःच्या कामाला खोटं नाव ठेवलं. गाडी बाहेर उभी आहे. ज्याला खात्री करायची असेल त्यानं खाली वाकून पाहावं, अगदी पांढरे कपडे घालून पाहावं. कप आणि माझ्या सहीचं पत्र मी आज सकाळी क्लबच्या सेक्रेटरींच्या घरी देऊन आले. ते पत्र फलकावर लावायचं की नाही हे तुम्ही ठरवा. लावलं नाहीत तर मी दर महिन्याला येऊन विचारेन, आणि मी विचारायला लागले की काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे.

एवढ्यानं काही भरून निघालं नाही, हे मला कळतं. खरं बोलायला दहा वर्षं लावली, आणि ज्याला ऐकवायचं तो ऐकायला नाही. माझ्या वयात माणसाला वाटतं की अजून वेळ आहे, कारण आपण अजून आहोत. समोरचाही असला पाहिजे, हे लक्षात राहत नाही. तुमच्यापैकी कोणाला कोणाबद्दल असं काही सांगायचं राहिलं असेल तर घरी जाताना वाटेत सांगून जा. मला उपदेश करायचा अधिकार नाही. तरी सांगते.

आता सगळे उभे राहा. खुर्च्या सरकवू नका. उखाजींसाठी दोन मिनिटं कोणी बोलणार नाही, खोकणार नाही, घड्याळ बघणार नाही.

मंजुळाबाई, तुम्ही उठू नका. तुम्ही बसा. तुम्ही दहा वर्षं गप्प राहिलात. ही दोन मिनिटं आम्ही राहतो.